डावा नापास

नातेवाईक त्यांना पाठीमागे 'नापास' म्हणत, आणि त्यात नातेवाइकांची फारशी चूक नव्हती. कारखान्यात तपासणी निरीक्षक म्हणून उभा जन्म गेलेला. सदोष भाग दिसला की त्यावर लाल खडूने फुली मारायची आणि तो बाजूला सारायचा, एवढंच काम. निरीक्षक निवृत्त झाले, खडू झाला नाही. घरातली गळकी बादली, डगमगणारं स्टूल, इतकंच काय शेजाऱ्यांच्या फाटकाची बिजागरी, सगळ्यांवर त्यांची फुली होती.

आता फुली पडली होती अॅम्प्लिफायरवर. डाव्या बाजूला, चांगली ठसठशीत.

हा अॅम्प्लिफायर साडूंचा. तीस वर्षांपूर्वीचा, ट्रान्झिस्टरवाला, उचलताना कमरेची आठवण करून देणारा. साडूंनी नवा घेतला तेव्हा निरीक्षकांनी जुना हौसेने मागून आणला. "तुमच्या-माझ्यानंतरही वाजत राहील," असं साडू तेव्हा म्हणाले होते. म्हणजे, म्हणाले असावेत. साडूंना तोंडातल्या तोंडात बोलायची खोड होती, आणि असं पुटपुटणाऱ्या माणसावर निरीक्षकांचा काडीचा विश्वास नव्हता.

घरी लावल्यावर पहिल्याच गाण्याला त्यांनी निकाल दिला. "डावी बाजू गेलेली आहे."

पण फुली मारण्याआधी तपासणी होतेच, आणि त्यांच्या तपासणीचा नियम पक्का होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यांनी डावा स्पीकर उजवीकडे नेला, उजवा डावीकडे आणला. आवाज डावीकडेच बारीक. प्लेअरच्या वायरींची अदलाबदल केली. तरी डावीकडेच बारीक. म्हणजे स्पीकर ठीक, प्लेअर ठीक, उरला अॅम्प्लिफायर.

दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला, आवाजाच्या बटणातला कचरा स्प्रे मारून काढला आणि सांगितलं, "काका, ही जुनी यंत्रं सहजासहजी मरत नाहीत. फार तर कंडेन्सर सुकतात, पण याचे धड आहेत. दोन्ही बाजू सारख्या वाजतायत." यावरून निरीक्षकांनी एवढाच निष्कर्ष काढला की हा दुरुस्तीवाला साडूंच्या ओळखीतला असणार.

मग त्यांनी साडूंना फोन लावला. "मेलेला माल माझ्या गळ्यात मारलात," असं सुनावलं, आणि पलीकडचं पुटपुटणं पुरतं न ऐकताच फोन ठेवून दिला.

त्यांची बायको आणि साडूंची बायको सख्ख्या बहिणी. दर रविवारी एकीच्या घरी दुसरी ठरलेली. त्या फोननंतर रविवार ओस पडले. बायकोने भांडण केलं नाही, तेच जास्त वाईट. एकदा दाराशी उभी राहून ती म्हणाली, "ताई बोलवत नाही आणि मला जाववत नाही." बायकोचं तोंड उतरलेलं निरीक्षकांना बघवत नसे. पण मारलेली फुली पुसायची कशी? आयुष्यात पुसली नव्हती.

शेवटी त्यांनी ठरवलं की अॅम्प्लिफायर साडूंच्या दारात नेऊन ठेवायचा आणि विषय संपवायचा.

"विषय नाही, येणंजाणं संपेल," बायको म्हणाली. "परत केलेल्या वस्तूच्या मागोमाग मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

तरी तिने खोकं काढलं, जुन्या चादरी काढल्या. पसरायला जागा हवी म्हणून निरीक्षकांची उंच पाठीची, दोन्हीकडे कान असलेली आरामखुर्ची तिने भिंतीकडे तोंड करून सरकवली. ही खुर्ची लग्नानंतर घेतलेली. तेव्हापासून ती कधी कोणी फिरवली नव्हती.

"एक गाणं ऐकतो, मग बांध," म्हणत निरीक्षकांनी बटण दाबलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. अॅम्प्लिफायरचं तोंड त्यांना पाहायचंच नव्हतं.

गाणं सुरू झालं आणि ते ताडकन उठले. "उजवाही गेला. डावा तर खणखणीत वाजतोय."

मग ते तिथेच थांबले. डावा कसा सुधारला? स्पीकर जागेवर, वायरी जागेवर. एका वेळी एकच गोष्ट बदलली होती. ते खुर्चीकडे बघत राहिले. खुर्ची पुन्हा सरळ केली, बसले: डावा बारीक. उलटी केली, बसले: उजवा बारीक. दोष खुर्चीबरोबर फिरत होता, आणि खुर्चीत कोण बसलं होतं हे काही लपलेलं नव्हतं.

त्यांनी बोटाने उजवा कान बंद केला. गाणं चालू होतं, बायको काहीतरी बोलत होती, आणि त्यांच्यापाशी जवळजवळ काहीच पोचत नव्हतं.

"काय म्हणालीस?" बोट काढून त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून म्हणतेय. मला दोन्हीकडून सारखं ऐकू येतंय."

"कधी म्हणालीस?"

"रोज. इथे स्टुलावर बसून भाजी निवडताना. तुम्ही 'हं' म्हणता."

खुर्ची सरळ असली की स्टूल तिच्या डाव्या हाताला येई. निरीक्षकांना एकदम सगळी वर्षंच आठवली. किती 'हं' आणि कशाकशाला. त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी ओल्या फडक्याने अॅम्प्लिफायरवरची फुली पुसली. मग खिशातला खडू काढून बायकोपुढे धरला. "नियम म्हणजे नियम."

"चहाटळपणा पुरे."

"मार म्हणतो ना. मला माझा कान दिसत नाही."

बायकोने पदर तोंडाला लावून हसू आवरलं आणि त्यांच्या डाव्या कानावर मन लावून लाल फुली काढली.

तशीच ती फुली घेऊन दोघं साडूंच्या दारात उभी राहिली. दार साडूंनीच उघडलं. निरीक्षकांनी चांगली तीन वाक्यांची माफी जुळवून आणली होती, पण ऐन वेळी एकही आठवेना. त्यांनी नुसती मान वळवली आणि कान पुढे केला.

साडूंनी फुलीकडे पाहिलं. मग ते त्यांना वळसा घालून उजव्या बाजूला आले आणि नेहमीसारखंच पुटपुटले, "आत या. ताटं घेतोय."

निरीक्षकांना अक्षर न् अक्षर ऐकू आलं. बायको केव्हाच आत गेली होती.