खांदा कोणाचा?

दवाखान्यातली एक रीत तुमच्याआमच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. दुखतं एकाचं आणि डॉक्टरांशी बोलतो दुसराच! सायकलमावशींच्या बाबतीतही तेच झालं.

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढणाऱ्या या बाई रोज सायकलने कामावर जात आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरचा घाट चढून येत, म्हणून हे नाव. खांदा मात्र दुखावला तो माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून पडून. तरी घरात आळ आला सायकलवर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? स्टूल जागच्या जागी राहिलं आणि सायकलला मात्र मुलाने कुलूप घालून किल्ली खिशात टाकली.

डॉक्टरांनी फोटो पाहिले. "खांद्यातला स्नायू हाडापासून सुटलाय. ऑपरेशन करून जोडता येईल, पण मग हात गळ्यातल्या झोळीत आणि पुढे कित्येक महिने व्यायाम. नाहीतर गोळ्या घ्यायच्या आणि जमेल तेवढ्यावर भागवायचं. हात कशासाठी हवाय, त्यावर ठरवू."

"घरातलं हलकंफुलकं काम झालं तरी खूप," मुलगा म्हणाला. "आईला आता कुठे शर्यतीत उतरायचंय? सायकल बंदच केलीय आम्ही."

डॉक्टर मान डोलावून गोळ्या लिहू लागले. मावशी दोघांच्या मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "खांदा माझा आहे, आणि मला तो घाट चढायला हवाय. ऑपरेशन करा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं. पण पूर्वीसारखा होईलच, अशी खात्री नाही देता येणार."

"खात्री कोण मागतंय?"

घरी आल्यावर मुलाचा पारा चढला. "या वयात ऑपरेशन, तेही सायकलसाठी? लोक हसतील. आणि पुन्हा पडलीस तर? काळजी वाटते म्हणून बोलतो ना, आई."

मावशींच्या सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसून इतका वेळ ऐकत होत्या. आता त्यांना राहवेना.

"काळजीचं मला सांगू नकोस," त्या नातवाला म्हणाल्या. "माझे गुडघे दुखायला लागले, तेव्हा तुम्ही मला या खुर्चीत बसवलंत. तुझ्या आईनेसुद्धा. जिना नको, बाग नको, बाजार नको. पडले नाही मी, खरंय. पण चालायचंही विसरले. वापरायचेच नाहीत, तर हातपाय जपायचे कशाला रे?"

मावशींची मान खाली गेली, कारण बोल त्यांनाही लागला होता. मुलाने खिशातली किल्ली काढून आईसमोर ठेवली.

ऑपरेशन पार पडलं आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. केस सासूबाई विंचरत, भाजी मुलगा चिरत असे आणि झोप बसल्या बसल्याच घ्यावी लागे. पुढे झोळी सुटली, तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीवर बोटांनी वर वर चढायला सांगितलं. डोळ्यांत पाणी यायचं, पण मावशी भिंतीलाच दरडावायच्या, "बघतेच तुला." एकदा जोशात त्यांनी बादली उचलली, तेव्हा त्या बाईंनी चांगलीच कानउघाडणी केली. "हट्ट घाटासाठी राखून ठेवा. इथे माझं ऐकायचं." ते मात्र त्यांनी मुकाट्याने ऐकलं.

अखेर डॉक्टरांनी परवानगी दिली. पहिल्या खेपेला घाट अर्ध्यावरच सोडावा लागला. मावशी परतल्या तेव्हा खांदा ठणकत होता, दम लागला होता, पण चेहऱ्यावरचा आनंद घरात मावत नव्हता. "उरलेला पुढच्या सुट्टीला," त्यांनी जाहीर केलं.

मुलगा आईकडे बघत राहिला. मग आजीच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसला. "आजी, तुला काय करावंसं वाटतं?"

आजींना उत्तर द्यायला बराच वेळ लागला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"बागेत जायचंय," त्या म्हणाल्या. "आणि आधीपासून धरू नकोस. लागला तर मी हात मागेन."

तेव्हा मंडळी, आपल्या माणसांची काळजी जरूर घ्या. पण त्यांच्या आयुष्याचा निर्णय घेण्याआधी त्यांना विचारा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत गप्प बसा.