न भरता आलेला दंड

शाळेची बस मी कधी चाळीसच्या वर नेली नाही. मुलं मला 'कासवमावशी' म्हणतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. त्यामुळे 'अतिवेगाबद्दल तुमचा परवाना सहा महिने बंद का करू नये' अशी विचारणा माझ्या नावाने आली, तेव्हा आधी मला हसूच आलं. मग हिशोब केला. परवाना गेला की बस गेली. नवऱ्याचा पगार घरभाड्यातच संपतो, पुढचं सगळं माझ्या पगारावर चालतं.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. घरची गाडी माझ्या नावावर आहे, कारण माझी पाटी कोरी, कधी एकही दंड नाही, आणि कोऱ्या पाटीला विमा स्वस्त पडतो. ती उडवत नेतो मात्र माझा दीर. दंडाच्या नोटिसा दुपारी येत, मी बसवर असे, आणि त्या सासऱ्यांच्या हाती पडत. अण्णांनी उभा जन्म वीजबिलाच्या खिडकीमागे काढलेला. आलेलं बिल संध्याकाळपर्यंत भरलं नाही तर त्यांना जेवण जात नाही. त्यांनी असे तीन दंड आल्या दिवशी भरले आणि चालकाच्या रकान्यात 'मालक स्वतः' असं लिहून मोकळे झाले. धाकट्याच्या नव्या नोकरीला डाग नको, घरात कटकट नको. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अहो अण्णा, मला सांगायचं तरी!"

"भरून टाकलं होतं ना, सूनबाई. मग सांगायचं काय?"

त्याच आठवड्यात विमावाल्यांनी हप्ता दुप्पट केला. दीर म्हणाला, "वहिनी, तूच चालवत होतीस म्हण ना. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे." त्याच्यावर ओरडायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

सुनावणीला अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत आले. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी कागद चाळले.

"तिन्ही वेळा सकाळी शाळेच्या वेळेला. तेव्हा तुम्ही बसवर असता ना?"

"हो."

"मग घरची गाडी कोण चालवत होतं? आणि इथे 'मालक स्वतः' कोणी लिहिलं? खोटी माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे. त्यासाठी कोर्टात जावं लागतं."

मी अण्णांकडे पाहिलं. ते शाळकरी पोरासारखे मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांचा मला राग होता, चांगलाच होता. पण या वयात त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणं माझ्याच्याने होईना. जाऊ दे, म्हटलं, घेऊ आपल्याच अंगावर. आधीच काय कमी ओझं आहे!

"त्या तिन्ही दिवशी मी सुट्टीवर होते," मी म्हणाले. "मीच—"

"ती नव्हती." अण्णा उठून उभे राहिले. "माझा धाकटा चालवत होता. लिहिलं मी." आणि सवयीने त्यांचा हात पाकिटाकडे गेला. "किती होतात? भरून टाकतो."

"आजोबा, हे इथे भरता येत नाही. कोर्ट ठरवेल. तारीख कळवतील."

"आज नाही?"

"आज नाही." मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचा परवाना राहील. तुम्ही जाऊ शकता."

बाहेर आल्यावर अण्णा पाकीट हातात धरून पायरीवर थांबले.

"असंच घरी जायचं?"

"हो, अण्णा."

"बाकी ठेवून?"

मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही सावकाश उतरलो.

संध्याकाळी दीर खुंटीवर किल्ली शोधू लागला. अण्णा पानावर बसले होते.

"माझ्या खिशात आहे," ते म्हणाले. "उद्यापासून बसने जायचं. आणि वकिलाचे पैसे तू द्यायचेस."

दीर आत निघून गेला. मी अण्णांना वाढलं. त्यांनी पहिला घास हातात घेतला, बराच वेळ तसाच धरला, आणि पुन्हा ताटात ठेवला.