आईला शिकवलेलं वाक्य

कठड्यावर एक निळं प्लास्टिकचं म्यान पडलं आहे — स्केटिंगच्या बुटाखालच्या पात्याचं, कुणीतरी घाईत काढून ठेवलेलं, आत अजून पाण्याचे दोन थेंब — आणि धाकटी मघापासून त्याच्याकडेच बघते आहे, कारण त्याच्याकडे बघितलं की बर्फाकडे बघावं लागत नाही, शेजारी बसलेल्या आईकडे बघावं लागत नाही, आणि आईच्या हलणाऱ्या ओठांकडे तर नाहीच. आई पाठ करते आहे. आठ दिवस चाललंय. भांडी घासताना, जिना चढताना, गोळी जिभेवर ठेवण्याआधी... आणि आता या गारठ्यात, दोन स्वेटर आणि धाकटीचा मफलर गुंडाळून.

"प्रेशर म्हणजे रक्तदाबच ना गं?"

"त्यातलंच. पण इथे म्हणजे... बळजबरी नाही, असं."

"मग बळजबरी नाही म्हणावं. रक्तदाब कशाला मध्ये?"

धाकटी हसते. हसू तोंडातच गार होतं.

प्रेक्षक जेमतेम चाळीस. सगळे कुणाचे तरी आईबाप. लांब टेबलामागे तीन परीक्षक, मांडीवर घोंगडी घेऊन, आगगाडीची वाट बघत बसल्यासारखे. भोंग्यातून नाव येतं, एक मुलगी बर्फावर येते, दोन मिनिटं घसरते, गिरक्या घेते, पडते किंवा पडत नाही, आणि मग पलीकडे काचेसमोरच्या बाकावर जाऊन बसते — घरच्या एका माणसाबरोबर, गुण लागेपर्यंत. त्या बाकाला इंग्रजीत काय म्हणतात हे धाकटीनं येताना आईला सांगितलं होतं: पापा घ्यायचा आणि रडायचं, असंच नाव आहे त्याचं.

"दोन्ही एकाच बाकावर?"

"गुण बघून ठरतं."

"मग दुसरा बाक ठेवायला काय धाड भरलीय यांना?"

थोरली बसायची तिथे. दर स्पर्धेला. थोरली जाऊन आठ महिने झाले. आज तिच्या मुलीशेजारी, चिमणीशेजारी, आई बसणार आहे, आणि तिथेच ते वाक्य म्हणणार आहे. कारण भाऊजींना पुढच्या एक तारखेपासून दूरच्या बंदरावर नोकरी आहे, आणि त्यांच्या बॅगेत मुलींच्या वसतिशाळेचा भरलेला अर्ज आहे, तो उद्या जायचा आहे. "ती स्वतः हो म्हणाली तर तुमच्याकडे राहू दे, आई," ते म्हणाले होते, "मी मध्ये येणार नाही." बारा वाजता ते चिमणीला न्यायला येतील. आत्ता अकरा वाजून गेलेत.

विचारणार मी, आई म्हणाली. आणि तिच्या भाषेत. चिमणीचं मराठी म्हणजे ये, जेव, झोप, सावकाश. बाकी सगळं इंग्रजीत. एवढं मोठं काही विचारायचं तर पोरीला नीट कळायला हवं, नाहीतर आजीचं मन राखायला नुसती मान डोलवेल. तेव्हा एक वाक्य दे. इंग्रजी शिकवण्यावरच तर पोट आहे तुझं.

आईचं मूळचं वाक्य सरळ होतं. चल, आमच्याकडे राहा, मला तू हवी आहेस. पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यालाही इंग्रजीत म्हणता आलं असतं.

"असं नाही म्हणत, आई. हुकूम वाटतो."

आणि धाकटीनं दिलं ते असं: इफ यू एव्हर फील लाइक इट, यू आर ऑलवेज वेलकम. नो प्रेशर. कधी वाटलंच तर केव्हाही ये, बळजबरी नाही. किती सभ्य, आई म्हणाली. या भाषेत सभ्यपणा फार.

...फार. धाकटीच्या वर्गात ड्रायव्हर येतात, सफाईवाल्या बाया येतात, दोन नर्सा. व्याकरण त्यांना पुस्तकात सापडतं. तिच्याकडे येतात ते, लोक बोलतात एक आणि त्याचा अर्थ असतो काय, हे विचारायला. टीचर, साहेब म्हणतात, वेळ मिळाला की बघा — म्हणजे कधी? म्हणजे आत्ता. सूप चाखून कुणी इंटरेस्टिंग म्हणालं तर? तर वाढू नका. वर्ग हसतो. आणि चौथा धडा: कुणी म्हणालं, कधीतरी या, केव्हाही या, तर जायचं नाही. हसायचं, थँक यू, दॅट वुड बी लव्हली, एवढं म्हणायचं, विषय संपला. ते बोलावणं नसतं. दार लागताना आवाज होऊ नये म्हणून चौकटीला लावलेलं रबर असतं.

"मग खरंच बोलवायचं असलं तर कसं बोलावतात हे लोक?" एका सफाईवालीनं विचारलं होतं.

"वार सांगतात. वेळ सांगतात."

आईच्या वाक्यात वार नाही.

मी मुद्दाम केलं का? मी सभ्य वाक्य दिलं. आई म्हातारी, उच्चार अडखळणारे, पोरगी अकरा वर्षांची, आईविना... मुलीवर दडपण नको, हे काय चूक आहे? कुणालाही विचारा. — हे असं ती आठ दिवस स्वतःला सांगते आहे, आणि सांगणाऱ्या आवाजात तिला वर्गातला तिचाच आवाज ऐकू येतो.

भोंगा. चिमणीचं नाव.

"आली गं!" आई तिच्या गुडघ्यावर हात मारते.

लहानशी राखाडी झग्यातली आकृती. मान... मान थोरलीचीच, मागून बघितलं तर अगदीच. कुठल्याही खोलीत शिरताना आपलं नाव आधीच घेतलं गेलंय अशा तोऱ्याची ती मान. हिला घरात आणायचं म्हणजे पुन्हा ते. थोरलीला विचार, थोरलीनं केलं असतं, थोरलीसारखं नीट घडी घाल. चाळीस वर्षं ऐकलं. आणि मग थोरली गेली, सगळे रडले, धाकटीही रडली, खरंच रडली, आणि चौथ्या की पाचव्या आठवड्यात एका सकाळी आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय करू गं आज तुझ्यासाठी? — जन्मात पहिल्यांदा. आठ महिने ती एकुलती एक आहे. हे कुणाला सांगायचं? कुठल्या भाषेत? एकुलती एक असणं तिला आवडलं आहे.

चिमणी उडी घेते आणि पडते. बर्फावर हाड आपटल्याचा आवाज वरपर्यंत येतो. टाळ्या वाजतात.

"पडल्यावर टाळ्या कसल्या?"

"धीर द्यायला, आई."

"मग हात द्यावा की कुणीतरी."

कुणी देत नाही. संगीत थांबत नाही. चिमणी उठते, मधली एक गिरकी सोडून देते, पुढे गेलेल्या सुरांना गाठते, आणि हसते — ओठ रुंद, डोळे तसेच. शेवटपर्यंत तेच हसू.

आई पायऱ्या उतरून कधी गेली, काचेपलीकडे बाकावर कधी बसली... धाकटीला दिसतात ते दोघींचे चेहरे, आवाज नाही. तिला आवाज लागत नाही. ती ओठ दाखवून उच्चार शिकवते. आईचा खालचा ओठ वरच्या दातांखाली गेला — इफ. बरोबर. मग उरलेलं, एकेक शब्द जिन्याच्या पायरीसारखा चाचपत. नो प्रेशरच्या वेळी आईनं चिमणीच्या गुडघ्यावर हात ठेवला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

चिमणी पूर्ण ऐकून घेते. मग हसते, तेच हसू. थँक यू. दॅट वुड बी लव्हली.

शब्दन् शब्द.

भिंतीवरच्या फलकावर आकडे लागतात. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आई वळली आहे, काचेला जवळजवळ नाक लावून वर बघते आहे, अंगठा उंच, आणि तिचा चेहरा आठ महिन्यांत असा झाला नव्हता. हो म्हणाली! हो म्हणाली गं! — हे ओठ तर कुणीही वाचावेत.

धाकटीचाही अंगठा वर जातो. आपोआप.

आणि मग चिमणीही वळते. आकड्यांकडे नाही. वर, मावशीकडे. रागानं नाही, पाकिटावरचं अक्षर ओळखू आल्यावर माणूस बघतो तसं. आजीला एवढं इंग्रजी येत नाही, हे आजीच्या नातीला माहीत असणारच की.

खाली जायला अकरा पायऱ्या आहेत. डावीकडे काचेचं दार. बारा वाजायला अर्धा तास. आणि वाक्य तयार आहे, आत्ताच तयार झालं, दोन्ही भाषांत, वारासकट: उद्या सकाळी ये. सामान मी उचलते. फक्त ते म्हणायचं तर खरं असायला हवं, आणि खरं आहे का हे ती आत चाचपून बघते आहे, जिथे थोरली आहे, आई आहे, दार बंद करता येणारी स्वतःची खोली आहे... कुठेच हाताला लागत नाही, आणि नाही असंही म्हणवत नाही. आई अजून हसते आहे. चिमणी अजून बघते आहे. धाकटीचा अंगठा अजून वरच आहे, गारठलेला, आणि तो खाली घ्यायचा तर आधी काहीतरी बोलावं लागेल.