तातडीचे

"कलावंत कधी मरत नाही," शोकसभेचे अध्यक्ष म्हणाले आणि सगळं सभागृह गंभीर झालं. पहिल्या रांगेत बसलेल्या मास्तरांच्या खिशात त्या वेळी त्यांच्या धाकटीच्या मृत्यूचा दाखला होता. परदेशी सरकारचा, शिक्क्यासकट. फक्त त्यावर नाव तिचं नव्हतं. तेव्हा कागदोपत्री पाहायला गेलं, तर अध्यक्षांचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणाचे. दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला ते कापडाची चिठ्ठी लावत. तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव, आणि काम घाईचं असेल तर खाली 'तातडीचे'. धाकटीचं सगळंच घाईचं. सहाव्या वर्षापासून ती नाचायची आणि उद्या कार्यक्रम आहे हे आज दुपारी सांगायची.

"बाबा, घेर अजून हवा. गिरकी घेतली की फुलला पाहिजे."

"तू जरा कमी फीर. आहे तेवढा पुरेल."

"बाबा!"

"बरं बाई. ही गिऱ्हाइकं खोळंबलीत, त्यांना काय सांगू?"

"सांगा, तातडीचं आहे."

तेविसाव्या वर्षी तिला देशोदेशी फिरणाऱ्या एका नाचाच्या ताफ्यात जागा मिळाली. मास्तरांनी आठ पोशाख शिवले. धुण्याबिण्यात हरवले तर परत यावेत, म्हणून प्रत्येकाच्या कमरेला आतून चिठ्ठी पक्की शिवली. तिच्यावर घरातलं नाव 'भिंगरी', दुकानाचा फोन, आणि हाताच्या सवयीने 'तातडीचे'. ताफ्यात सात देशांच्या पोरी होत्या. चिठ्ठीतलं शेवटचं कसं वाचायचं ते त्यांनी तिलाच विचारलं आणि तिला 'तातडी' म्हणायला लागल्या. तिनेही हसून ओ दिली.

चौथ्या शहरात, दुपारच्या तालमीनंतर, नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यात तिचा खून झाला. ताफ्याच्या दिवेवाल्याने तिला मागणी घातली होती आणि तिने नाही म्हटलं होतं. हा शब्द त्याला कुणी शिकवला नव्हता. इथल्या वर्तमानपत्रांनी मात्र मुलगी एवढ्या लांब एकटी गेलीच का, याचा कसून तपास केला.

अंगावरच्या पोशाखातली चिठ्ठी वाचून, पोलिसांच्या वतीने एका दुभाषी मुलीने दुकानात फोन केला. तिचे आईबाप इकडचे, ती वाढलेली तिकडे. अक्षरं येत होती, अर्थ निम्मेच.

"तातडीचे तुमच्याच ना?"

"इथं सगळंच तातडीचं आहे हो," तोंडातल्या टाचण्या काढत मास्तर म्हणाले. "कुणाचं म्हणताय? उद्या संध्याकाळी देतो."



पासपोर्ट रंगपटात कुलपात होता, तो तिसऱ्या दिवशी मिळाला. तोवर दाखला छापून झाला होता. नाव भिंगरी, आडनाव तातडीचे. ताफ्यातल्या पोरींना विचारलं, तेव्हा त्यांनी रडत माना हलवल्या होत्या आणि सह्याही केल्या होत्या. धाकटी घरी आली ती खऱ्या नावाने. दाखला आला तो पोशाखाच्या.

"काका, मला वाटलं आडनाव आहे," दुभाषी फोनवर रडत म्हणाली.

"असू दे गं. आपल्यात आडनावं असतातच तशी," मास्तरांनीच तिची समजूत घातली.

समजूत पटली नाही ती आरोपीच्या वकिलाला. दाखल्यातली बाई जन्मालाच आलेली नाही, मग खून कुणाचा, असं त्याने विचारलं. प्रश्न वेडगळ होता, पण कागद त्याच्या बाजूचा होता. खटला थांबला. नाव दुरुस्त झालं नाही, तर दिवेवाला सुटणार होता.

मास्तर इथल्या कचेरीत गेले.

"ह्या तातडीचेबाई तुमच्या कोण?" कारकुनाने विचारलं.

"कुणी नाही. ते पोशाखाचं नाव आहे."

कारकुनाने चष्मा काढला. "काका, आधी बसा. पाणी घ्या." मग जेवणाची सुट्टी सोडून त्याने स्वतः प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. मास्तर त्याचे दोनदा आभार मानून घरी आले. त्या वर्षात ते सगळ्यांचेच आभार मानत सुटले होते.

"अहो, आभार कसले मानताय?" बायको कडाडली. "पोर गेली आपली!"

"राग एकाच माणसाचा आहे गं. बाकीच्यांचं काय करू?"

बापाचा शब्द न्यायालयाला पुरेना. तिथलंच कुणी साक्षीला हवं होतं. दुभाषी मुलगी नाट्यगृहात तीन खेपा घालून आली आणि तिला तिथली इस्त्रीवाली सापडली. बाईंचा जबाब तिने फोनवर वाचून दाखवला.

"'मी तिच्या कपड्यांना इस्त्री करायचे. आतल्या चिठ्ठीला चटका लावू नका, असं ती दर वेळी बजावायची. मी विचारलं, काय लिहिलंय एवढं? म्हणाली, माझ्या बाबांच्या दुकानात रांग असते, आणि हे लिहिलं की माझा नंबर पहिला. त्या दिवशी आरडाओरडा ऐकून मी जिन्यात धावले. तो पळाला. मी तिला मांडीवर घेतलं. गाडी येईपर्यंत हात सोडला नाही. ती काहीतरी बोलत होती. मला ती भाषा येत नाही. मी आपली हो हो म्हणत होते.'"



"काका? आहात ना?"

"पुन्हा वाच."

"कुठून?"

"मांडीपासून."

बायको शेजारीच उभी होती. तिने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

पुढे नाव दुरुस्त झालं. दिवेवाल्याला जन्मठेप झाली. दुभाषीने ते कळवलं, तेव्हा मास्तर "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि लगेच कामाचं बोलले.

"त्या बाईंचं माप मिळेल का? छाती, खांदा, बाही. टेपनेच घे हं, नजरेने नको."

माप आलं. मास्तरांनी दोन दिवस दुसरं काम हातात धरलं नाही. अस्तर लावून, काजं हाताने करून एक कोट शिवला. बायकोने इस्त्री केली, पोस्टाने पाठवला.

महिन्याभराने बाईंचं उत्तर आलं. कोट फार छान झाला आहे, बाह्या दोन बोटं लांब आहेत.