हात लावण्याआधी

बाईंनी चपला काढल्या, चष्मा उशीखाली सरकवला आणि वर्गातल्या कॉटवर आडव्या होऊन त्या म्हाताऱ्या झाल्या. त्या जपानी शिकवत. या तुकडीतल्या मुली जपानमधल्या वृद्धाश्रमांत कामाला जाणार होत्या, म्हणून दर आठवड्याला बाईंना असं लोळावं लागे. "पगार घेऊन झोपणारी मी एकटीच," असं त्या म्हणत आणि मुली दर वेळी हसत.

नियम सोपा होता. अंगाला हात लावण्याआधी आपण काय करणार ते जपानीत सांगायचं. मग विचारायचं, 'योरोशिइ देस का?' चालेल ना? आणि उत्तरासाठी थांबायचं. सांगणं आणि विचारणं सगळ्यांना जमे. थांबणं कुणालाच जमत नसे. प्रश्न पुरा व्हायच्या आत बाईंचं मनगट कुणीतरी धरलेलं असे.

आज पाळी हळूबाईची होती. हे नाव वर्गाने ठेवलेलं आणि तिने निमूटपणे घेतलेलं. तिने स्टूल कॉटजवळ ओढलं, वाकून आपले डोळे बाईंच्या डोळ्यांच्या पातळीला आणले आणि जपानीत सांगितलं, की सूप भरवायचंय, तुम्हाला उठवून बसवते.

"योरोशिइ देस का?"

बाईंना कधीकधी मुलींची फिरकी घ्यायची लहर येई.

"इया," त्या कुरकुरल्या. नको.

हळूबाईने पुढे केलेले हात मागे घेतले, मांडीवर ठेवले आणि ती बसून राहिली.

मागे कुणीतरी खुसखुसलं. चष्म्याशिवाय बाईंना हळूबाईचा चेहरा धूसर दिसत होता, पण ती घड्याळाकडे नाही, आपल्याकडेच बघतेय, एवढं कळत होतं. असं स्वस्थपणे आपल्याकडे कुणी बघून किती काळ लोटला, असं त्यांना वाटलं. मग त्या एकदम उठून बसल्या.

"अगं, बसलीस काय अशी? परीक्षेत वेळ मोजून देतात."

"तुम्ही नको म्हणालात ना, बाई."

"म्हणू दे की! म्हातारी माणसं म्हणतातच. गोड आवाजात पुन्हा विचारायचं आणि उठवायचं."

"मग विचारायचं कशाला?"

ती उलटून बोलत नव्हती, खरंच विचारत होती. बाईंनी उशीखालून चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"पुढची कोण? चला, आटपा," त्या म्हणाल्या.

घरी बाईंची आई होती. पडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती आणि गेल्या महिन्यात तिने बोलणंच टाकलं होतं. डॉक्टरांनी घसा पाहिला, जीभ पाहिली, सगळं जागच्या जागी होतं. जेवणही रोज कमी होत चाललं होतं. चमचा जवळ आला की आई भिंतीकडे तोंड फिरवे. आधी निदान 'नको, नको' तरी म्हणायची. तेव्हा "नको काय नको? मरायचंय का तुला?" म्हणून बाईंनी भरवलंच होतं. त्यांना फार भीती वाटत होती, आणि भीती वाटली की त्यांचे हात भरभर चालत. पांघरूण ओढ, काखेत हात घाल, उचल, टेकव, भरव, तोंड पूस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दिवसभर मऊ आवाजाचे धडे द्यायचे आणि घरी आईला गाठोड्यासारखं उचलायचं.

त्या संध्याकाळी सूप घेऊन त्या आत आल्या आणि कॉटशी थबकल्या. स्वयंपाकघरातून स्टूल आणलं. बसल्या. वाकल्या.

"आई, तुला उठवून बसवते. चालेल ना?"

स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. वर्गात हजारदा घोकून घेतलेलं हे वाक्य घरच्या भाषेत त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं. हात मात्र सवयीने काखेकडे निघाले होते. त्यांनी ते आवरून मांडीवर ठेवले.

आईची नजर त्या हातांवर गेली. बराच वेळ तिथेच राहिली. मग वर, लेकीच्या चेहऱ्याकडे आली. कोरडे ओठ एकमेकांपासून सुटायला वेळ लागला.

"नको," आई म्हणाली.

महिन्याभरातला पहिला शब्द. बाईंना हसावं की रडावं कळेना. सकाळपासून आईच्या पोटात काही नव्हतं, वाटीतलं सूप निवत होतं. गोड आवाजात पुन्हा विचारायचं आणि उठवायचं. शब्द अगदी जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"बरं," त्या म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

सुपावर पापुद्रा धरला. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं नाही.