चटईवरचा चेंडू

नानांचं चष्म्याचं दुकान चौकातल्या बँकेला लागून होतं आणि दुकानामागच्या गल्लीच्या टोकाला गोल्फच्या सरावाची जागा होती. जागा म्हणजे तिन्ही बाजूंनी उंच जाळी ताणलेलं एक लांबोळकं मैदान, एका अंगाला पत्र्याची शेड, शेडमध्ये ओळीनं टाकलेल्या हिरव्या रबरी चटया आणि समोर अंतराच्या पाट्या. बादलीभर चेंडू घ्यायचे, एकेक चटईवर ठेवायचा आणि हाणायचा. मागे धावायची भानगड नाही. एक जाळीदार गाडी फिरते आणि सगळे चेंडू वेचून आणते.

तिथं नानांना सगळे 'मशीन' म्हणत. त्यांचा चेंडू दर वेळी तेवढाच उंच चढायचा, त्याच जागी जरासा उजवीकडे कलायचा आणि त्याच पाटीच्या पायथ्याशी जाऊन पडायचा. शेजारच्या चटयांवरची माणसं आपल्या स्टिक टेकून बघत राहायची. नव्यानं शिकायला येणाऱ्यांना तिथला कोच सांगायचा, "माझ्याकडे नका बघू, त्या चष्मेवाल्या नानांकडे बघा."

आणि हे नाना उभ्या आयुष्यात एकदाही खऱ्या मैदानावर खेळले नव्हते.

खऱ्या मैदानावर एक राउंड म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि अर्धा दिवस नानांकडे नव्हता. काही वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरला, हातही बराचसा सावरला, पण बोलणं गेलं ते पुरतं परत आलं नाही. समोरच्याचं तिला सगळं कळे. आपल्याला काय म्हणायचंय तेही ठाऊक असे. पण शब्द ओठांपर्यंत येईतो वाट चुकत. जिना एकटीनं उतरणंही तिला जमत नसे. तेव्हापासून नानांचं जग दुकान आणि घर एवढंच उरलं. त्यांची मेहुणी दोन गल्ल्या पलीकडे कपडे शिवायचं काम करी. संध्याकाळी ती हातातलं काम बाजूला ठेवून ताईपाशी येऊन बसे. तेवढा तासभर नानांचा. "स्वतःसाठी काहीतरी करा, नाहीतर उद्या तुम्हालाच खाटेवर झोपवावं लागेल," असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्याच सुमारास एका गिऱ्हाइकानं आपल्या जुन्या स्टिक देऊ केल्या होत्या. असं ते सुरू झालं.

शेडमध्ये यावरून नेहमी वाद झडायचा.

"नाना, काठावर बसून हातपाय मारून कुणी पोहायला शिकलंय का?" कोच विचारायचा.

"हात तेच, स्टिक तीच, चेंडू तोच," नाना म्हणायचे. "चटईवर जमतं ते गवतावर का जमू नये? गवत काय वेगळं मागणार आहे?"

"ते गवतालाच विचारा," असं दातांचे डॉक्टर म्हणायचे. हे डॉक्टर म्हणजे गोल गरगरीत गृहस्थ. विहिरीतून भरली बादली ओढावी तशी त्यांची स्टिक फिरायची, आणि चटईवर त्यांचा चेंडू दहा दिशांना जायचा. पण दर रविवारी खऱ्या मैदानावर खेळून यायचे आणि बहुतेक वेळा जिंकून यायचे. नानांना हे कोडं कधी सुटलं नाही.

सरावानं माणूस तयार होतो, यावर नानांचा ठाम विश्वास होता. नसता तर घरी त्यांचं कठीण झालं असतं. कारण घरीही सकाळी चहा झाला की सराव चाले. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचे पत्ते दिले होते. नाना एकेक पत्ता वर धरत आणि बायको म्हणे, "दार. खिडकी. कात्री." पुढे पुढे तर वाक्यं आली. बंद केलेला फोन ते तिच्या हातात देत, आणि ती तो कानाला लावून सावकाश पण खणखणीत म्हणे, "मदत हवी आहे. लवकर या."

"बघ, जमलं की नाही," नाना म्हणत.

जिन्यात मात्र कुणी "कशा आहात?" विचारलं की ती नानांकडे बघे, आणि नाना सांगून टाकत, "आता बरंच बरं आहे." तिला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून.

एकदा मेहुणीच म्हणाली, "भाऊजी, किती वर्षं नुसते धुणं बडवल्यासारखे चेंडू बडवणार आहात? या रविवारी जा डॉक्टरांबरोबर. मी सकाळपासून येते."

"अगं, पण हिला..."

"मी काय परकी आहे? ताई, सांग ग यांना."

बायकोनं हातानंच 'जा जा' केलं. ती हसत होती.

नाना गेले. सकाळ स्वच्छ होती. डॉक्टरांबरोबर त्यांचे दोन मित्र होते, एक वकील आणि एक हॉटेलचे मॅनेजर. डॉक्टरांनी दोघांनाही आधीच सांगून ठेवलं होतं, "आज मशीन येतंय, सांभाळा." फोन आत न्यायचा नाही असा तिथला दंडक होता. सगळ्यांचे फोन कपाटात कुलूपबंद झाले.

पहिल्या जागी नाना उभे राहिले तेव्हा आधी त्यांना काय चुकतंय तेच कळेना. मग लक्षात आलं, पायाखाली चटई नव्हती. जमीन डावीकडे उतरत होती, थोडीशीच, पण उतरत होती. चटईची कड म्हणजे त्यांची पट्टी होती. तिच्यावरून ते दिशा धरायचे. इथं चहूकडे नुसतं हिरवं, आणि दूरवर काडीएवढा झेंडा. मागे तिघं गप्प उभे. नानांनी स्टिक फिरवली. चेंडू जमिनीवरून घरंगळत जाऊन समोरच्या गवतात थांबला.

"होतं असं पहिल्यांदा," वकील म्हणाले.

शेडमध्ये असा फटका गेला असता तर नानांनी दुसरा चेंडू ठेवला असता, आणि दुसऱ्या फटक्यानं पहिला पुसला गेला असता. इथं तसं नव्हतं. तोच चेंडू, तो जिथं पडलाय तिथंच. त्याच्यापर्यंत चालत जायचं, आणि चालताना आपण काय केलं याचा विचार करायला भरपूर वेळ. मग इतरांचे फटके होईपर्यंत थांबायचं. हात गार पडायचे. दुसरा फटका चेंडूच्या मागे जमिनीत बसला आणि मातीचं ढेकूळ चेंडूपेक्षा लांब उडालं. तिसरा झाडीत गेला. पुढे वाळूचा खड्डा लागला. त्यात उतरून ते वाळू उपसत राहिले. चेंडू वर येई, काठावर टेकून विचार केल्यासारखा थांबे आणि पुन्हा पायाशी येई.

काय चुकतंय ते त्यांना दिसत होतं. खांदा फटक्याच्या आधीच वळतोय, वजन मागच्या पायावर राहतंय. कोचनं सांगायच्या आधी त्यांनी स्वतःच सांगितलं असतं. पण हात ऐकत नव्हते. हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे लोंबत होते.

दातांचे डॉक्टर मात्र फटका मारण्याआधी झाडांचे शेंडे बघत, चिमूटभर गवत हवेत सोडत, झेंडा बाजूला सोडून भलतीकडेच मारत. आणि त्यांचा चेंडू उतारावरून वळत वळत झेंड्यापाशी येऊन थांबे. जाळीत वारा नव्हता, उतार नव्हता. नाना बघत राहिले.

तिघांपैकी कुणीही चिडवलं नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते हळू बोलायला लागले, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसे.

अर्ध्यावर आल्यावर नाना म्हणाले, "डॉक्टर, मी परत जातो."

"आता कुठून जाणार, नाना? मागून दुसरे खेळत येताहेत, डोक्यात चेंडू बसेल. आता पुढूनच बाहेर पडायचं."

मग नाना शेवटपर्यंत चालले.

परतताना गाडीत त्यांना आपलं एक जुनं गिऱ्हाईक आठवलं. तो ट्रक चालवायचा. दर वर्षी डोळे तपासायला आला की भिंतीवरच्या तक्त्याची अगदी तळाची ओळ घडाघडा म्हणून दाखवायचा. नानांनीही 'नजर उत्तम' म्हणून त्याला दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्या वर्षी तो बाहेर पडताना काचेच्या दारावर जाऊन आदळला, तेव्हा कळलं की त्यानं तक्ताच पाठ केला होता. हा किस्सा नाना नेहमी रंगवून सांगत. त्या दिवशी त्यांना त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

कपाटातून फोन काढला तेव्हाच त्यावर घरचे न घेतलेले फोन दिसले होते. परत लावला तर कुणी उचलेना. गाडी भरधाव आणली तरी दुपार झालीच.

घरात शिरले तर न्हाणीघराच्या बंद दारापाशी बायको जमिनीवर बसली होती. तिच्या एका हाताची बोटं दाराखालच्या फटीत होती. फोन दूर, भिंतीपाशी पडला होता. दाराआडून मेहुणीचा आवाज येत होता. ती कुठल्याशा लहानपणच्या सहलीची गोष्ट सांगत होती.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"भाऊजी? आलात?" आतला आवाज म्हणाला. "कडी अडकलीय. सकाळपासून आत आहे मी. आधी सुताराला बोलवा."

सुतारानं येऊन कडी कापली. मेहुणी बाहेर आली ती केस सारखे करत. "एवढं निवांत मला जन्मात बसायला मिळालं नव्हतं," ती म्हणाली.

ताईला दुसऱ्या खोलीत झोपवून आल्यावर तिनं सगळं सांगितलं. "मी आतून ओरडून सांगितलं, ताई, फोन कर. तिनं आधी तुम्हाला केला. मग शेजारच्या बाईंना केला. त्या लेकीकडे गेल्यात. त्यांनी उचलला, मला ऐकू येत होतं. मी आतून सांगतेय, 'मदत हवी आहे' म्हण, 'मदत हवी आहे' म्हण. ती नुसती 'म... म...' करत राहिली. मग म्हणाली 'कात्री'. दोनदा म्हणाली. त्यांनी फोन ठेवून दिला. मी म्हटलं, पुन्हा लाव आणि फोन दाराला टेकव, मी बोलते. पण तिनं फोनच टाकून दिला. पुन्हा हात लावला नाही."

नानांनी भिंतीपाशी पडलेला फोन उचलून जागेवर ठेवला.

"मला काही झालं नाही, भाऊजी. पण मला चक्कर आली असती तर? यापुढे माझ्या एकटीच्या जिवावर एवढा वेळ नका जाऊ."

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर नानांनी पत्ते काढले. बायकोनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांनी 'दार' वर धरलं, 'खिडकी' धरली. तिनं पाहिलं नाही. असे कितीतरी दिवस गेले. जे शब्द पत्त्यांवर येत होते तेही गेले.

नाना एकदा शेडमध्ये जाऊन आले. चटईवर चेंडू ठेवला, कड धरून दिशा घेतली आणि मारला. चेंडू पाटीकडे न जाता बाजूच्या जाळीत गेला. दुसरा मारला, तोही जाळीत. शेजारच्या चटईवरचा माणूस बघतोय असं वाटून त्यांनी बादली अर्धी भरलेलीच ठेवली आणि ते घरी आले. त्यानंतर ते गेले नाहीत. डॉक्टर दुकानात दोनदा येऊन गेले. "अहो, मी पहिली दोन वर्षं असाच रडत खेळलोय," ते म्हणाले. "चार राउंड खराब व्हायलाच हवेत. पुढच्या रविवारी चला."

"बघू," नाना म्हणाले, आणि चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पिळत राहिले.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या तेव्हा नानांनी त्यांना फोनचं सगळं सांगितलं. मग, का कोण जाणे, मैदानाचंही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"पत्ते चुकीचे नव्हते," त्या म्हणाल्या. "पण जिन्यात कुणी विचारलं की उत्तर कोण देतं?"

"मी."

"का?"

"तिचे हाल बघवत नाहीत मला."

"ते तुम्हाला बघावे लागतील," बाई म्हणाल्या. "आणि त्यानं सुधारेलच, असं वचन मी देत नाही. कदाचित एवढंच राहील."

घरातला साबण संपला त्या दिवशी नाना बायकोला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. यायला ती तयार झाली तेच पुष्कळ होतं. काय आणायचंय ते घरी ठरलं होतं. नाना दाराशी उभे राहिले आणि ती एकटी पुढे गेली.

"बोला, काय देऊ?" दुकानदारानं विचारलं.

तिनं तोंड उघडलं. मिटलं. मागे एक बाई येऊन उभी राहिली, तिच्यामागे आणखी एक. बायकोनं मान वळवून नानांकडे पाहिलं. शब्द नानांच्या जिभेवर होता, नुसता सोडायचा अवकाश. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि रस्त्याकडे बघितलं. असं त्यांनी तिला कधीच टाकलं नव्हतं.

"च..." ती म्हणाली. "चमचा."

दुकानदारानं चमचा आणून ठेवला. तिनं मान हलवली. त्यानं मोठा आणला. मागची बाई घड्याळात बघू लागली. बायकोच्या कपाळावर घाम आला होता. मग तिनं तो मोठा चमचा उचलला, पैसे दिले आणि बाहेर आली.

"परत जायचं का?" नानांनी विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. दोघं चालू लागली. नानांनी तिचा हात धरला होता. इमारतीपाशी आल्यावर जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर ती थांबली आणि अगदी स्पष्ट म्हणाली,

"साबण."

"हो," नाना म्हणाले.

आणि ती दोघं एकेक पायरी वर चढत गेली.