सूपमधलं ग्लुटामेट

खानावळ चालवणाऱ्या दादाने आठ वर्षांपूर्वी आपल्या धाकट्या भावाला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं होतं. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, धाकट्याने केलेलं सूप तपासायला गेलं आणि अहवालात ग्लुटामेट निघालं, चव वाढवायच्या पावडरीत असतं तेच.

"चवीची पावडर घातलीस," दादा म्हणाला.

"नुसते टोमॅटो आणि सुकवलेले मशरूम आहेत, दादा," धाकटा सांगत राहिला. दादाने कानावर घेतलं नाही.

यंदा दादाची मुलगी अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. दादाने मोठ्या ऐटीत आपल्या हातचं टोमॅटोचं सूप डब्यात भरून तिच्याबरोबर दिलं.

संध्याकाळी तिने अहवाल ओट्यावर ठेवला. "बाबा, यातही ग्लुटामेट आहे. भरपूर."

"मशीन बिघडलंय तुमचं. मी कणभरही पावडर घातली नाही."

"घालावी लागतच नाही. टोमॅटो पिकताना ते आपोआप वाढतं. ते एक अमिनो आम्ल आहे. मेंदूतल्या पेशी त्याच्यामार्फत एकमेकींना निरोप देतात. आईच्या दुधातसुद्धा असतं."

"मग तुझा काका..." दादाने अहवाल हातात घेतला.

"काका खरं बोलत असणार, बाबा."

दादा अंगावरच्या एप्रनसकट निघाला. धाकटा दोन गल्ल्या पलीकडे बेकरीत भट्टीपाशी उभा होता.

"माझं चुकलं," दादा म्हणाला. "तू पावडर घातली नव्हतीस."

धाकट्याने पिठाचे हात पुसले. "हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

परत ये म्हणायचा दादाला धीर झाला नाही. धाकट्यानेही विषय काढला नाही. त्याने फक्त बसायला स्टूल पुढे सरकवलं.